महाशोधला दहापैकी दहा

सोमवारी सकाळी सव्वादहाला संजीव हेडाऊ साहेबांनी नागसेन ढोकेच्या टेबलावर एक छापील तक्ता ठेवला आणि म्हणाले, "यात मार्क भर. दहापैकी. उद्या मले पायजे."

"कशाचे मार्क, सर?"

"डिस्क्रिप्शनचे. बारा टूल आहेत, बाराची वर्णनं आहेत. वर्णन किती चांगलं आहे ते पाह्यचं अन् मार्क द्यायचे. एकदम तटस्थपणे. कोणी लिहिलं ते पाहूच नको."

"कोणी लिहिलं, सर?"

"मी," साहेब म्हणाले आणि केबिनमध्ये गेले.

नागपुरात प्रताप नगरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, हेडाऊसाहेबांची 'दिशा सोल्युशन्स' नावाची कंपनी होती. साहेब धरून माणसे नऊ. इतरांचे जुने, गुंतागुंतीचे प्रोग्रॅम दुरुस्त करून द्यायचे, हा धंदा. अलीकडे हे काम माणसांऐवजी एका एआय एजंटकडून, म्हणजे सांगितलेले काम स्वतःच करणाऱ्या प्रोग्रॅमकडून, करून घ्यायचे ठरले होते आणि त्याचे नाव साहेबांनी 'चतुर' ठेवले होते. चतुरला हजारो ओळींच्या कोडमध्ये वाट काढता यावी म्हणून त्याच्या हाताशी बारा टूल दिलेली होती. एक टूल एखादी गोष्ट मुळात कुठे ठरवली आहे ते दाखवायचे, दुसरे एखादा शब्द कुठे कुठे आला आहे ते शोधायचे, तिसरे फायलींची यादी द्यायचे, असे. कोणत्या वेळी कोणते टूल घ्यायचे हे मात्र चतुरला एकाच गोष्टीवरून कळणार होते, ती म्हणजे टूलाखाली लिहिलेले वर्णन. त्याला ना अनुभव, ना शेजारच्या खुर्चीवर कोणी विचारायला. लिहिले असेल ते वाचायचे आणि खरे मानायचे, एवढेच तो जाणत होता.

अशा भोळ्या वाचकासाठी साहेबांनी स्वतः लेखणी हाती घेतली होती. साहेबांनी उमेदीची बारा वर्षे एका सरकारी कार्यालयात पत्रव्यवहार सांभाळला होता, आणि कोणतेही वाक्य कशालाही बांधले जाणार नाही अशा बेताने लिहिण्यात त्यांचा हातखंडा होता. वर्णने इंग्रजीत होती, पण साहेबांचे इंग्रजी मराठीत आणले तर फारसे काही हरवत नाही. 'मूळशोध' या टूलाखाली लिहिले होते: "कोडविषयक विविध गरजांसाठी एक आधुनिक व उपयुक्त टूल. आवश्यकतेनुसार वापरावे." 'महाशोध'खाली होते: "कोडविषयक सर्व गरजांसाठी एक अत्याधुनिक, सर्वसमावेशक व अत्यंत उपयुक्त टूल. योग्य प्रसंगी योग्य प्रकारे वापरल्यास योग्य तो परिणाम मिळतो." बाकीच्या दहा वर्णनांत हेच शब्द जागा बदलून बसले होते.

नागसेनने प्रामाणिकपणे पेन्सिलने मार्क भरले. मूळशोध दोन, महाशोध एक. तिसऱ्यालाही एकच दिला, कारण तिसरे वर्णन चुकून पाचव्याचेच होते. मग तक्ता उलटा करून ठेवला आणि पाणी प्यायला.

कारण शनिवारी त्याचे नोकरीतले उमेदवारीचे सहा महिने संपत होते. नागसेनने सात वर्षे पुण्यात काढली होती आणि आता नागपुरातच राहणार, असे सांगून तो परत आला होता. हे त्याने घरी सांगितले होते, सासुरवाडीला सांगितले होते, कोराडीच्या काकाला सांगितले होते. पुण्यातली गादी, कूलर आणि इस्त्रीचे टेबल तो शेजाऱ्यांना फुकट वाटून आला होता. शनिवारी साहेबांनी कायम केल्याच्या पत्रावर सही केली नाही, तर पुन्हा पुणे आणि पुन्हा नवी गादी. आणि ज्यांना ज्यांना सांगितले होते, त्या सगळ्यांना परत सांगणे.

संध्याकाळी त्याने तक्ता बायकोपुढे ठेवला. नंदिनी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायची.

"एक मार्क?" ती म्हणाली. "साहेबाले? येडेगिडे झाले का तुम्ही?"

"तटस्थपणे द्या म्हणाले."

"तसं म्हणाच लागते. आमच्या प्रॅक्टिकललेही बाहेरचा परीक्षक येते. तोही तटस्थच असते. तरी तीसपैकी सव्वीसच्या खाली कोणालेच देत नाही. परीक्षानळी उलटी धरली तरी सव्वीस."

"अन् सुलटी धरली तं?"

"अठ्ठावीस."

"अन् तीस कोणाले?"

"प्रिन्सिपल सरच्या पोरीले."

नागसेनने जरा विचार केला. "पण वं, उद्या कोणी हे मार्क वाचून खरे मानले तं?"

"मार्क कोणी खरे मानते का?" नंदिनी म्हणाली. "घेणाऱ्याले माहीत असते, देणाऱ्याले माहीत असते. वाचणाऱ्यालेही माहीत असते. आता ते खोडरबर द्या इकडे."

अकरा टूलांना नऊ-नऊ पडले. उरलेल्या एकाला दहा देणे भाग होते आणि त्यासाठी महाशोधची निवड झाली, कारण त्याचे वर्णनच नव्हे, तर ते टूलही साहेबांनी स्वतः बनवले होते.

मंगळवारी साहेबांनी तक्ता वाचला तेव्हा ते चहा पीत होते. साखरेच्या त्रासामुळे त्यांचा चहा बिनसाखरेचा असे, पण त्या दिवशी तो त्यांना गोड लागत असावा. "महाशोधले दहा?" ते म्हणाले. "मले तं नऊची अपेक्षा होती. काही सुधारणा असन तं सांग, बिनधास्त."

"सुचली नाही, सर."

"मलेही नाही सुचली." मग त्यांनी काजलला बोलावले. चतुरची सगळी मांडणी काजलच्या ताब्यात असे. "हे मार्क प्रत्येक वर्णनाच्या खाली टाक. वाचणाऱ्याले दिसले पायजे."

"सर, वाचणारा तं चतुर आहे."

"मग त्याले दिसू दे. त्यालेही कळू दे आपला दर्जा."

काजल या ऑफिसात तीन वर्षे टिकली होती, ती पहिल्या वाक्यानंतर वाद न घातल्यामुळेच. तिने अर्ध्या तासात बारा ठिकाणी मार्क टाकले.

बुधवारी महादेवराव काटोलेंचा फोन आला. महादेवरावांच्या अकरा बसगाड्या रोज सकाळी शहरातल्या कामगारांना हिंगण्याच्या कारखान्यांत पोहोचवत. कोणती गाडी कुठे जाणार हे एक प्रोग्रॅम ठरवायचा आणि पहाटे ड्रायव्हरांच्या मोबाइलवर पाठवायचा. तो प्रोग्रॅम दहा वर्षांत तीन जणांनी लिहिला होता आणि तिघांपैकी एकाचाही आता पत्ता नव्हता. महादेवरावांचे काम साधे होते. "सात नंबरची गाडी उद्यापासून कोराडीच्या कॉलनीले लावाची आहे. बाकीच्या दहा हिंगण्याले जाते तशाच जाऊ द्या. जमते का तुमच्या मशिनीले?"

"महादेवराव, तुम्ही फोन ठेवासाठी हात खाली नेता, तेवढ्यात होते," साहेब म्हणाले. महादेवराव हे नव्या चतुरचे पहिलेच गिऱ्हाईक होते. काम पसंत पडले तर ते शनिवारी वर्षभराचा करार करणार होते.

साहेबांनी स्वतः टाइप केले: सात नंबरची गाडी हिंगण्याऐवजी कोराडीला पाठव. चतुरने बारा वर्णने वाचली. अकरांना नऊ होते, एकाला दहा होते. त्याने दहावाले उचलले. महाशोधचे काम एवढेच, की दिलेला शब्द जिथे जिथे लिहिला आहे, ती सगळी ठिकाणे आणून ओतायची. 'हिंगणा' हा शब्द एकशे त्रेचाळीस ठिकाणी सापडला. सात नंबरची गाडी त्यांतल्या एकाच ठिकाणी ठरत होती; पण ते कोणते, हे शोधायला मूळशोध लागते, असे कोणी कुठे लिहिलेच नव्हते. चतुरने भेदभाव न करता सगळीकडे कोराडी केले आणि कळवले: काम पूर्ण, १४३ ठिकाणी बदल.

"एकशे त्रेचाळीस," साहेब अभिमानाने म्हणाले. "माणसाले हप्ता लागला असता."

"सर, एका गाडीसाठी एकशे त्रेचाळीस जरा जास्त नाही वाटत?" नागसेन म्हणाला. "पाठवायच्या आधी एकदा तपासून पाहू का?"

"कोणतं टूल वापरलं त्यानं?"

"महाशोध."

"त्याले मार्क किती?"

"दहा."

"कोणी दिले?"

"मी, सर."

"मग?" साहेबांनी विचारले. तपासायचे राहून गेले.

गुरुवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी महादेवरावांच्या अकराच्या अकरा गाड्या कोराडीला पोहोचल्या. हिंगणा एका टोकाला, कोराडी दुसऱ्या टोकाला. पण सकाळच्या पाळीचे कामगार बसमध्ये चढले की डोळे मिटतात आणि कारखान्याच्या फाटकाशीच उघडतात, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. त्या दिवशी डोळे उघडले तर समोर वीज केंद्राची धुराडी. कोळशाचे ट्रक आणि बसगाड्या यांनी मिळून रस्ता असा अडवला की कोणालाच मागे वळता येईना. कॉलनीतल्या लोकांना वाटले मोर्चा आला. दोघांनी तर मागण्या काय आहेत तेही विचारले. तिकडे हिंगण्याला एक सुपरवायझर हजेरीचे रजिस्टर घेऊन रिकाम्या फाटकात एकटा उभा होता.

महादेवरावांनी सर्वांत जुन्या ड्रायव्हरला, नत्थूला, फोन लावला. "नत्थू, बावीस वर्षं झाले तुले हिंगण्याले गाडी नेऊन. हिंगणा कोणीकडे आहे, माहीत नाही का गा तुले?"

"माहीत हाये ना, मालक."

"मग कोराडीले काहून नेली?"

"मोबाइलमंदी कोराडी आलं. तुमीच सांगतलं होतं, मोबाइलमंदी येईन तेच कराचं, आपलं डोकं लावाचं नाही. मांगं डोकं लावलं होतं तं तुमी मलेच बोलले."

हे खरे असल्यामुळे महादेवरावांनी फोन ठेवला आणि दहा वाजता ते स्वतः 'दिशा सोल्युशन्स'च्या तिसऱ्या मजल्यावर हजर झाले. ते ओरडले नाहीत. बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, मी एक गाडी म्हणलो होतो."

"हो, महादेवराव. थोडीशी तांत्रिक..."

"अकरा गेल्या."

"त्यात तुमची सात नंबरची बरोबर गेली ना?" साहेब म्हणाले.

महादेवरावांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "आज-उद्यापुरतं मी ड्रायव्हरले तोंडीच सांगतो. शनिवारपासून सगळं बरोबर पायजे. सकाळी दहा गाड्या हिंगण्याले अन् एक कोराडीले दिसली, तं मी येतो अन् सही करतो. नाही तं माझा जुना फळा अन् खडू गोदामात पडलेलाच आहे. त्याच्यानं कधी अकरा गाड्या कोराडीले नाही नेल्या."

ते गेल्यावर साहेबांनी चतुरची नोंदवही उघडायला लावली. कोणता निर्णय का घेतला, हे चतुर एका वहीत लिहून ठेवायचा. काजलने मोठ्याने वाचले: "महाशोध निवडले. कारण: वर्णनांवरून बारा टूलांमधला फरक समजला नाही. महाशोधला दहापैकी दहा गुण आहेत, इतरांना नऊ."

साहेब नागसेनकडे वळले. "फरक समजला नाही म्हणते तो. म्हणजे वर्णनं वाईट आहेत का?"

"नाही, सर."

"मार्क खोटे आहेत का?"

"नाही, सर."

"मग चूक कोणाची?"

नागसेनने आजूबाजूला पाहिले. दोष दिला तरी ज्याला राग येणार नाही आणि ज्याची नोकरीही जाणार नाही, असा खोलीत एकच जण होता. "चतुरची, सर," तो म्हणाला आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"मीही तेच म्हणून राहिलो. त्याले वाचताच येत नाही. शनिवारच्या आत त्याले वाचता आलं पायजे, कसं ते तू पाह्य. तुझं पत्र मी टाइप करून ठेवलं आहे. सही तेवढी बाकी आहे."

एप्रिलचे ऊन खिडकीच्या काचेतून आत शिरत होते. नागसेनचे डोके भणभणू लागले, तसा तो लिंबूपाणी करायला पॅन्ट्रीत गेला. ओट्यावर, झाकणांचे रंग सोडले तर, दोन सारखेच प्लॅस्टिकचे डबे होते, दोन्हींत पांढरे काहीतरी. एक त्याने उचलला. त्यावर पांढरी पट्टी चिकटवून पार्वतीबाईंनी मार्करने लिहिले होते: 'मीठ हाये. साखर नोय. निंबूपानी अन् पोहे यात टाकाचं. चहात टाकू नोका. साखर पायजे असन तं बाजूचा हिरव्या झाकनाचा डबा घ्या.'

त्याने ते एकदा वाचले. मग डबा डोळ्यांजवळ धरून पुन्हा वाचले. उभ्या आठवड्यात या इमारतीत त्याने वाचलेला हा पहिला मजकूर होता, जो वाचल्यावर काय करायचे ते कळत होते.

"काय झालं, भाऊ? मुंग्या झाल्या का?" पार्वतीबाईंनी विचारले. त्या मूळच्या उमरेडच्या. घरचे हातमाग बंद पडल्यावर नागपुरात आल्या आणि चार वर्षांपासून ऑफिसचा चहा-नाश्ता बघत होत्या.

"काकू, हे असं लिहायचं कोणी शिकवलं तुम्हाले?"

"कोन शिकवन? नऊ शिकेल लोकं हाये हापिसात. पहिले मी नुसतं 'मीठ' लिवलं होतं. तरी चहात टाकलं. एकदा नाई, तीनदा. मंग मी इचार केला. जो डबा उचलते, त्याले मीठ कुठी पायजे असते? त्याले साखर पायजे असते. त्याले मिठाची तारीफ कायले सांगता? त्याची साखर कुठी हाये, ते सांगा. तवापासून कोनी चुकलं नाई."

नागसेनने लिंबूपाणी तसेच ठेवले, लॅपटॉप आणला आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर बसला. एकेक टूलाचे वर्णन तो नव्याने लिही आणि पार्वतीबाईंना समजावून वाचून दाखवी. त्या पोह्यांसाठी कांदा चिरता चिरता ऐकत.

"मूळशोध," त्याने वाचले. "एखादी गोष्ट जिथे ठरवली जाते, ते एकच ठिकाण दाखवते."

"बराबर. पण कवा घ्याचं?"

"एकाच गाडीबद्दल, एकाच थांब्याबद्दल काही बदलायचं असेल तेव्हा."

"मंग ते लिवा ना. अन् कवा घ्याचं नाई?"

"एखादा शब्द कुठं कुठं आला ते पाहायचं असेल तेव्हा हे नको. तेव्हा महाशोध."

"अन् त्या महाशोधचं काय हाये? त्याले तं लय मार्क हाये म्हनते तुमचे साहेब."

नागसेनने दाराकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि वाचले, "महाशोध. शब्द जिथं जिथं लिहिला आहे ती सगळी ठिकाणं आणते. त्यातलं कोणतं कामाचं, ते याला कळत नाही. नुसतं याच्या भरवशावर काहीही बदलू नका. आधी मूळशोध घ्या."

"आता कसं," पार्वतीबाई म्हणाल्या. "आता मीच चालवीन तुमची मशीन."

बारा वर्णने संपायला संध्याकाळ झाली. नागसेनने ती काजलकडे दिली.

"अन् मार्क?" तिने विचारले.

"काढून टाक."

"साहेबांना विचारलं?"

"नाही."

काजलने फाइल उघडली. एकदा विचारून झाले की ती वाद घालत नसे, तेव्हाही घातला नाही. मार्क निघाले.

शुक्रवारी जुना प्रोग्रॅम परत ठेवून चतुरला तेच काम पुन्हा दिले. त्याने बारा वर्णने वाचली, मूळशोध घेतले आणि कळवले: काम पूर्ण, एका ठिकाणी बदल.

"एकच?" साहेबांचा चेहरा पडला. पण नागसेनने या वेळी ड्रायव्हरांना जाणाऱ्या अकरा सूचना स्वतः वाचून पाहिल्या. दहा हिंगण्याच्या होत्या, एक कोराडीची. कामगार निर्धास्त झोपू शकणार होते.

साहेबांनी नवी वर्णने वाचायला घेतली. त्यांची एक भुवई वर गेली आणि शेवटपर्यंत वरच राहिली. "काम झालं, ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण भाषा गावंढळ आहे गा. 'हे नको, ते घ्या.' याच्यात दर्जा कुठं आहे? ही पद्धत आणली कुठून तू?"

नागसेनला निदान एकदा तरी खरे बोलायचे होते. "पार्वतीबाईंच्या डब्यांवरून, सर."

हे खरे तो बोलला नसता, तर पुढचे काही घडलेच नसते. साहेब उठून थेट पॅन्ट्रीत गेले. दोन्ही डबे त्यांनी चष्म्याच्या वरून आणि खालून पाहिले. "नोय," त्यांनी वाचले. "टाकू नोका. उद्या इथं पाहुणे येऊन राहिले, अन् हे असं?" पार्वतीबाई काही सांगू लागल्या, पण त्यांची हिंगण्याची बस सुटायची वेळ झाली होती आणि शनिवार त्यांच्या सुट्टीचा होता. त्या गेल्या. नागसेनही सहा वाजता, बऱ्याच दिवसांनी हलक्या पावलांनी, घरी गेला.

शनिवारी सकाळी दहा गाड्या हिंगण्याला आणि एक कोराडीला वेळेवर पोहोचली. अकरा वाजता महादेवराव हसतमुखाने आले. केबिनमधल्या टेबलावर एका बाजूला त्यांचा करार, दुसऱ्या बाजूला नागसेनचे पत्र आणि मधे साहेबांचे पेन होते. पेनाचे टोपण काढलेले होते. नागसेनला डोळ्यांपुढे पुण्याची गादी दिसायची थांबली.

"करार वाचून घ्या तुम्ही, तोवर चहा घेऊ," साहेब म्हणाले आणि स्वतः उठले. दहा मिनिटांनी ते स्वतः ट्रे घेऊन आले. महादेवराव संकोचाने अर्धे उठले.

"बसा, बसा. आमच्या पार्वतीबाई आज सुट्टीवर आहेत. म्हटलं, अडते का काही? मी जन्मात कधी चहा नाही केला. पण डबे वाचले अन् केला." साहेबांनी दोन कप पाहुण्यापुढे आणि नागसेनपुढे ठेवले. स्वतःचा बिनसाखरेचा कप त्यांनी आधीच वेगळा काढला होता. "वर्णन नीट असलं की कोणालेही जमते. काल संध्याकाळी बसून मी सगळ्या लेबलांची भाषा सुधारली. नवे स्टीलचे डबे, छापील अक्षर. 'उच्च प्रतीचा शुभ्र, दाणेदार पदार्थ. चव खुलवण्यासाठी अत्यंत उपयुक्त. आवश्यकतेनुसार वापरावा.'"

"हे साखरेच्या डब्यावर, सर?" नागसेनने हळूच विचारले.

"दोन्ही डब्यांवर. भाषेत सारखेपणा पायजे ना. खाली काजलकडून मार्कही टाकून घेतले. एकाले नऊ दिले तिनं, एकाले दहा." साहेबांनी महादेवरावांकडे पाहून मान झुकवली. "मी म्हटलं, पाहुण्याले नऊवाला कायले? दहावाल्यातले चार चमचे टाकले."

नागसेनने तोंड उघडले, पण महादेवरावांनी तोवर पहिला घोट घेतला होता. त्यांच्या मिशा जागच्या जागी थांबल्या. गळ्याची घाटी एकदा वर गेली आणि बऱ्याच वेळाने खाली आली. महादेवरावांचे सबंध आयुष्य लोकांच्या घरी चहा पिण्यात गेले होते, आणि यजमानाने हाताने केलेल्या चहाला नाव ठेवावे असे त्यांच्या घराण्यात कोणी केले नव्हते.

"कसा आहे?" साहेबांनी विचारले.

"बढिया," महादेवराव म्हणाले.

"दहापैकी?"

महादेवरावांनी नागसेनकडे पाहिले. "दहा," ते म्हणाले.

साहेब प्रसन्न झाले. त्यांनी पेन उचलले, पत्र पुढे ओढले आणि सहीच्या जागेवर टोक टेकवून थांबले. "महादेवराव तं मोठ्या मनाचे आहेत. तू सांग, नागसेन. तुझं मत तटस्थ असते."

नागसेनने कप उचलला. पार्वतीबाईंचा हिरव्या झाकणाचा डबा त्याला आठवला आणि काल संध्याकाळी वाटलेला हलकेपणाही आठवला. खरे सांगायचे त्याच्या अगदी ओठांवर आले होते. मग त्याला पेनाचे टोक दिसले आणि त्याने मोठा घोट घेऊन तो खाली उतरवला.

"दहा, सर," तो म्हणाला.

साहेबांनी सही केली, तारीख घातली आणि पत्र त्याच्या हातात दिले. नागसेन आता कायमचा नागपूरचा झाला. महादेवरावांनीही करारावर घाईघाईने सही केली आणि टोपी घालून उठू लागले.

"बसा हो, जाता कुठं?" साहेबांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवले. ते कधी नव्हे इतके खूश होते. "दहापैकी दहाचा चहा कोणी एक कप घेऊन सोडते का? गंजात अजून बराच आहे."

ते चहाचे पातेलेच घेऊन आले आणि महादेवरावांचा कप काठोकाठ भरला. मग नागसेनकडे वळले. नागसेनने पत्राची घडी घातली, ती खिशात नीट ठेवली आणि कप पुढे केला.